ऑब्लाइज्ड आणि चिमूटभर साखर

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. ह्रस्व की दीर्घ असा प्रश्न पडला की मी अजून ओल्या बोटाने ओट्यावर दोन्ही काढून बघते आणि जे डोळ्याला बरं दिसेल ते वहीत उतरवते. अक्षर तर फारच वाईट आहे. भाकरी थापणाऱ्या हाताला पेन बारीक लागतं, सारखं निसटतं. वही मुलीची आहे, तिच्या शाळेतली, मागची पानं कोरी राहिलेली. हे कोणाला दाखवायचं नाही. तरी लिहायला बसलं की समोर कोणीतरी बसलंय असं वाटतं, माझ्यासारखंच कमी बोलणारं, घाई नसलेलं. त्या माणसासाठी लिहिते आहे असं समजा.

आज सकाळी समोरच्या खोलीतल्या नव्या सुनेने माझा डबा परत आणून दिला. परवा मी तिला अळूवड्या दिलेल्या. "काकी, तुमचा डबा. एकदम मस्त झालेल्या हां वड्या! थँक्यू!" एवढं म्हणून ती ओढणी सावरत कामाला पळाली पण. डबा तिने घासून लख्ख केलेला. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं, नुसता भांड्याच्या साबणाचा लिंबासारखा वास. तिची काही चूक नाही, तिला कोणी सांगितलंच नसेल. पण मी तो उघडा डबा नाकाशी धरून बराच वेळ उभी राहिले, नळाखाली हंडा भरून वाहायला लागला तरी. एकदा असाच एक घासलेला रिकामा डबा हातात घेऊन मी ठाण्याच्या नौपाड्यातून विठ्ठलवाडीला घरी आले होते आणि माझं आता सगळं संपलं असं मला वाटलं होतं.

आमच्याकडे, माहेरी कोकणात आणि सासरीही, कोणाचं भांडं घरात आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालायचंच. आंबे-फणस असले तर ते, नाहीतर मूठभर तांदूळ, दोन कोकमं, आणि अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. लहानपणी मला वाटायचं की ही देवाण-घेवाण आहे, तू दिलंस म्हणून मी दिलं. मोठी झाल्यावर कळलं की चिमूटभर साखरेने कोणाच्या वड्या फिटत नाहीत. ती साखर एवढंच सांगते की आपलं येणं-जाणं चालू राहील. म्हणून रिकामं भांडं आलं की आई म्हणायची, "काय बाई बिनसलं असेल त्यांचं?" आणि दिवसभर तिच्या मनाला ते लागून राहायचं.

नौपाड्यात मी ज्यांच्याकडे पोळी-भाजी आणि भांडी करायचे, त्यांना मी काका म्हणायचे. काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला. काकांनी सगळी नोकरी कोलशेतच्या एका कंपनीत केली, साहेबांची इंग्रजी पत्रं टाईप करायची नोकरी. घरातही त्यांचं टाईपरायटर होतं, काकूंनी विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली झाकलेलं, त्याच्यापाशी गेलं की शिलाई मशीनच्या तेलासारखा वास यायचा. आणि टेबलावर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेला. पेपर वाचून झाला की काका त्यातलं एक पान वाचायचे, रोज एकच, कोणी पोथी वाचावी तसं. पान संपलं की त्यात एक पिवळा धागा घालून ठेवायचे.

मी चहा नेऊन ठेवला की ते मान किंचित झुकवून म्हणायचे, "ऑब्लाइज्ड." मला वाटायचं चहात काहीतरी कमी आहे. विचारायची लाज. मग मी आपल्या मनाने एक दिवस आलं जास्त घातलं, एक दिवस पावडर, आणि साखर रोज जराशी वाढवत नेली. तरी ते म्हणायचेच. शेवटी एकदा कप खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, चहा दिवसेंदिवस गोड होत चाललाय. माझ्या डायबिटीसशी तुमचं काही भांडण आहे का?"

मी दाराआड गेले. तिथूनच म्हटलं, "तुम्ही रोज काहीतरी बोलता ना इंग्रजीत. मला वाटलं, चहा आवडत नाही."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी मला खुर्ची दाखवली. मी बसले नाही, चौकटीला टेकून उभी राहिले. "हा फार जुना शब्द आहे, ताई," ते म्हणाले. "आता कोणी वापरत नाही. आता सगळे थँक्सवर भागवतात. पण मी हा शब्द रोज दहा वेळा तरी टाईप केलाय. पत्राच्या शेवटी यायचा, साहेबांच्या सहीच्या वर." शब्दकोश उघडून ते त्या शब्दाचे अर्थ सांगत गेले. एक म्हणजे आभारी. त्याच्या पुढचा उपकृत, म्हणजे आभार मानूनही जे उरतं ते. मग बांधील. मग भाग पडणं. रिक्षा मिळाली नाही, चालत जाणं भाग पडलं, तिथेही हाच शब्द चालतो म्हणाले. "आणि ह्याच्या मुळाशी आहे बांधणं. दोरीने बांधतात तसं."

"गाईला बांधतात तसं?"

"तसंच. खुंटा दिसत नाही एवढंच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आमच्यात त्याला मिंधा म्हणतात."

काकांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं काही वावगं बोलले. त्यांनी पेन्सिल घेतली, त्या छापील पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, आणि पुस्तक माझ्याकडे फिरवून दाखवलं. मिंधा. माझ्या तोंडचा शब्द, एवढ्या मोठ्या पुस्तकात. मी भांडी घासायला गेले, पण त्या दिवशी कढई दोनदा घासली.

पुढे त्यांना नादच लागला. मी पोळ्या लाटत असले की बाहेरून विचारायचे, "ताई, मिंधा आणि ओशाळा ह्यांत फरक काय?" मला अर्थ सांगता यायचे नाहीत, पण माणसं सांगता यायची. ओशाळा म्हणजे उसनी वाटी द्यायला उशीर झाला म्हणून जो आपल्याला बघून गल्ली बदलतो तो. मिंधा म्हणजे ज्याला गल्लीही बदलता येत नाही, समोर येऊन हसावं लागतं. भिडेचा म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही, आणि तशी तर मीच आहे. एकदा मी आईचा शब्द सांगितला, उतराई. शेजारणीने बाळंतपणात आईचं सगळं केलेलं, तेव्हा आई म्हणायची, तुझी उतराई मी ह्या जन्मात होणार नाही. काकांनी तो दोनदा म्हणून बघितला. "उतराई. डोक्यावरचं ओझं खाली उतरवणं. काय शब्द आहे हो! इंग्रजीत ह्याला अख्खं वाक्य लागेल." तोही कडेला गेला. त्या एका पानाच्या कडा माझ्या शब्दांनी भरत चालल्या. मी कोणाला हे बोलले नाही. घरी जाऊन काय सांगणार?

मी कधी घावन, कधी कुळथाची पिठी त्यांच्यासाठी डब्यातून न्यायचे. डबा स्टीलचा, बुटका, एका बाजूला पोचा आलेला. काकूंनी जाताना सांगितलेल्या गोष्टींत एक हीही होती म्हणे, की कोणाचा डबा रिकामा पाठवायचा नाही. काकांनी ते पाळलं, पण बायकांना उपजत कळतं ते त्यांना कुठून कळावं? डब्यात काय घालायचं हे त्यांना सुचायचं नाही. एकदा दोन लिंबं निघाली. एकदा खडीसाखर. एकदा चार टाचण्या आणि एक शर्टाचं बटण. "घाईत हेच सापडलं," म्हणाले. ते बटण मी माझ्या ब्लाऊजला लावलं.

आता पाण्याचं सांगते. आमच्या चाळीत तेव्हा घरात नळ नव्हते, कोपऱ्यावर एक सामायिक होता. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी धो धो नळाखाली भांडी घासायची आणि आपल्या घरी मोजून कळश्या वापरायच्या. मग चाळीने ठरवलं, मोठी लाईन घ्यायची आणि प्रत्येक खोलीत नळ. एका खोलीमागे वीस हजार. जे देणार नाहीत त्यांची जोडणी ह्या वेळी होणार नाही. आमच्या ह्यांचा पगार वॉचमनचा, मुलगी बारावीला. मी काकांना एवढंच म्हटलं, "चाळ कमिटीला एक अर्ज लिहून द्याल का? तीन महिने मुदत मागायची आहे." त्यांनी सुंदर अर्ज लिहून दिला. कमिटीवाल्यांनी तो वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि मुदत दिली नाही.

काकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं. दोन दिवसांनी म्हणाले, "तुमचा डबा राहिलाय, घेऊन जा." घरी येऊन उघडला तर आत पेपरच्या कागदात नीट बांधलेले वीस हजार.

मी रात्रभर तो डबा उशाशी ठेवला आणि सकाळी जसाच्या तसा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मी आयुष्यात कोणाशी मोठ्याने बोलले नसेन, पण तेव्हा बोलले. "काका, हे परत घ्या. मला मिंधं व्हायचं नाही. मग मी इथे ताठ मानेने पोळ्या करू शकणार नाही."

"पगारातून कापू?"

"पगारातून कापलं तर मला काम सोडता येणार नाही. ते तर बांधलेलंच झालं."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग उठून टाईपरायटरवरचा रुमाल बाजूला केला. "मिंधेपणाला तारीख नसते, ताई. म्हणून तो संपत नाही. आपण तारीख घालू." त्यांनी दोन कागदांमध्ये कार्बन घातला आणि टाईप केलं. मग मला मराठीत वाचून दाखवलं. वीस हजार, व्याज नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे, पगाराशी संबंध नाही, काम कधीही सोडायची मोकळीक. शेवटी तोच जुना शब्द. मी दोन्ही कागदांवर सही केली, चौथीत शिकवलेली, पूर्ण नावाची. सही करताना माझी मान खाली गेली नाही.

नळ आला. पहिल्या दिवशी मी नुसता उघडून बंद केला, उघडून बंद केला. मुलगी म्हणाली, "आई, मीटर पडतंय ना!"

पाचशेसाठी मी संध्याकाळी स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्राला भाकऱ्या द्यायला लागले. पाच तारखेला नोट घडी करून त्याच डब्यात घालून न्यायची. त्यांच्या हातात पैसे ठेवायला मला जमायचं नाही. काका डबा आत नेऊन रिकामा करायचे, मोजायचे नाहीत, आणि परत देताना त्यांच्या नेमाप्रमाणे काहीतरी घालायचे. लिंबं, शेंगदाणे, कधी पुण्याहून आलेली बाकरवडी. आणि इथे माझं डोकं फिरायला लागलं. मी पाचशे द्यायचे आणि त्याच डब्यातून बाकरवडी घरी न्यायची, तर मग फिटलं किती? मी मनात लिंबांचे भाव धरायला लागले. एक दिवस मी सांगितलंच, "काका, डब्यात काही घालत जाऊ नका. माझा हिशेब बिघडतो."

"बिघडू दे की थोडा."

"नको. मग मी मिंधीची मिंधीच राहते."

पुढच्या महिन्यात आमचे हे तापाने पडले, आठ दिवस भाकऱ्या झाल्या नाहीत. पाच तारखेला मी चारशेच नेले. तोंड उघडून कारण सांगायचं धैर्य झालं नाही. काकांनी डबा आत नेला, बराच वेळ लावला, आणि आणून दिला. हातात घेताच कळलं. वजनच नव्हतं. जिन्यात उघडून बघितला. घासलेला, पुसलेला, रिकामा.

आई गेली त्यालाही तेव्हा बरीच वर्षं झालेली, पण कानात तिचाच आवाज आला, काय बाई बिनसलं असेल. शंभर कमी दिले ते लागलं असणार. सरळ बोलतील कसे, मोठे लोक, डब्याने सांगितलं. चार दिवस मी मान खाली घालून पोळ्या केल्या. शब्द विचारले तर "माहीत नाही" म्हटलं. मनात ठरवलं होतं, भिशी उचलायची, सगळे पैसे एकदम टाकायचे आणि हे घर सोडायचं. पाचव्या दिवशी चहा ठेवला तेव्हा काका ऑब्लाइज्ड म्हणाले नाहीत. म्हणाले, "ताई, माझं काही चुकलं का?"

"माझंच चुकलं. शंभर रुपये पुढच्या महिन्यात देते. त्यासाठी डबा रिकामा द्यायची गरज नव्हती."

काकांनी उचललेला कप खाली ठेवला. "शंभर कमी होते? मी मोजतो कुठे? अहो, तुम्हीच म्हणालात ना, काही घालू नका म्हणून! त्या दिवशी तीनदा हात लिंबाकडे गेला आणि तीनदा मागे घेतला. मला काय ते सोपं गेलं?"

मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. त्यांनी माझं ऐकलं होतं, आणि ते ऐकणं मला लागलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर खुर्चीत बसले. शेवटी काकांनीच तोड काढली. "साखर. चिमूटभर. तिचा भाव धरता येईल का तुम्हाला?"

मी विचार केला. "नाही धरता येणार."

"मग ठरलं. नाहीतरी डॉक्टरने ती मला बंद करत आणलीच आहे."

तेव्हापासून दर पाच तारखेला पाचशे जायचे आणि चिमूटभर साखर यायची. ती मी घरी चहात घालायचे, सगळ्यांच्या मिळून.

अजून सात हप्ते राहिले होते तेव्हा काकांची मुलगी आली. बाबांना आता एकट्याने जमत नाही, पुण्याला नेते म्हणाली. चांगली बाई. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, ते पैशाचं आता राहू दे हो. बाबांचं किती केलंत तुम्ही." तिने मायेनेच म्हटलं, पण मी तिथेच मनात हिशेब मांडला. सात हप्ते राहू दे म्हणजे सगळंच राहू दे. इतक्या महिन्यांच्या पाच तारखा पाण्यात. शेवटी त्यांनी सोडलेलं तेवढं उपकाराचं होणार आणि मी जन्मभराची मिंधी. निघायला अकरा दिवस होते. मी केंद्राकडे दुप्पट भाकऱ्या मागून घेतल्या, मनगटाला फडकं बांधून थापल्या, आणि कमी पडले ते भिशीतून उचलले.

आता काका नाहीत. पुण्याला गेल्यावर दीड वर्षाने गेले, त्यांच्या मुलीने फोन करून कळवलं. शब्दकोशाचं काय झालं ते मी विचारलं नाही. पेन्सिल पुसट होते, त्या कडाही झाल्या असतील. पण मला वाटतं, शब्द लिहिलेले राहतात त्यापेक्षा बोललेले जास्त राहतात. समोरच्या सुनेला मी काही शिकवणार नाही. पुढच्या वेळी तिची वाटी आली की मी साखर घालून देईन, तिने विचारलं तर सांगेन.

निघायच्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. घरातलं सामान बांधून झालेलं. भिंतींवर फोटोंच्या चौकोनी खुणा, ओटा मोकळा. काका दाराशी खुर्चीत, मांडीवर शब्दकोश. मी डबा पुढे केला. मुलगी म्हणाली, "ताई, मी सांगितलं होतं ना," पण काकांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी नोटा काढून पुस्तकावर ठेवल्या, मग डब्यात बघितलं आणि ओट्याकडे. "साखर?"

"बाबा, सगळं बांधलं. टेम्पोत गेलं."

त्यांनी खिसे चाचपले. रुमाल निघाला, गोळ्यांची पट्टी निघाली. त्यांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. मी म्हटलं, "डबा राहू दे तुमच्याकडे. भरेल तेव्हा द्या." मग त्यांनी तो पोचा आलेला डबा झाकण लावून पिशवीत ठेवला.

आणि मग, ज्या माणसाने इतक्या महिन्यांत एकही नोट मोजली नव्हती, त्याने बोट जिभेला लावलं आणि मोजायला सुरुवात केली. मोठ्याने, एकेक नोट सरळ करून, कंपनीतल्यासारखी. मध्ये खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. काका चुकले आणि पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजू लागले. मी चौकटीला टेकून उभी होते, मान वर करून, शेवटच्या नोटेपर्यंत. त्यांनी खिशातून कार्बनचा घडी पडलेला कागद काढला, त्यावर तारीख घातली, सही केली आणि माझ्या हातात दिला.

"पूर्ण," ते म्हणाले. "वीसच्या वीस हजार. पूर्ण."